रिटायरमेंटची जीप

मंदी आली तेव्हा मी रायपूरच्या कॉलेजात एमबीएच्या पहिल्या वर्षाले होती. इंटर्नशिपसाठी त्रेचाळीस कंपन्यांले मेल टाकले. एकेचाळिसांनी उत्तरच नाही दिलं. एकीनं लिहिलं, आम्हीच माणसं कमी करून राहिलो. अन् शेवटच्या कंपनीच्या एचआरवाल्या मॅडमनं मलेच आपला रेझ्युमे पाठवला, तुमच्या कॉलेजात काही असलं तर सांगा म्हणे.

सोमवारपर्यंत कंपनीचं लेटर नाही दिलं तर सेमिस्टर रिपीट, असं कॉलेजनं सांगून ठेवलं होतं. तेव्हा भिलाईले घरी आई म्हणाली, कॅम्प-१ वस्तीतल्या विजूभाऊकडं जा, त्याच्याकडं लेटरहेड बी हाय अन् शिक्का बी.

विजूभाऊची धुमाल पार्टी आहे, म्हणजे बँडबाजा. आमच्या भिलाईत माणूस स्टील प्लांटमधून रिटायर झाला की त्याले हार घालतात, उघड्या जीपमध्ये उभं करतात अन् गेटपासून घरापर्यंत वाजवत नेतात. विजूभाऊचा अर्धा धंदा याच्यावरच. मंदीत लग्नं लहान झाली, पण मंदी आहे म्हणून कोणाचं साठावं वर्ष थांबत नाही.

मी त्याले माझ्या स्ट्रेंग्थ अन् वीकनेस सांगितल्या. त्यानं शांतपणे पान संपवलं अन् विचारलं, धुमालच्या वर तुझा आवाज जाते का. मग म्हणाला, शनिवारी प्लांटमधला फकिराकाका रिटायर होते, त्याची जीप एकटीनं सांभाळ. सांभाळली तर लेटर.

फकिराकाकाच्या बायकोनं, सिंधुताईनं, ओळखीसाठी त्याचा फोटो दिला होता. घरात एकट्याचा तोच होता, गेटपासवरचा, नोकरीले लागला तेव्हाचा. जाड मिशी, दाट केस. पस्तीस-छत्तीस वर्षांत माणसाचं काय होते, हे मार्केटिंगच्या पुस्तकात नव्हतं.

शनिवारी दुपारी दोनले शिफ्ट सुटली. सायकली, मोटरसायकली, हजार डोकी. तेवढ्यात मले ती मिशी दिसली. मी हात केला, धुमाल सुरू झाली, पोट्ट्यांनी त्या माणसाले उचलून जीपवर चढवलं. तो काहीतरी सांगून राहिला होता, पण धुमालच्या वर त्याचा आवाज जात नव्हता. मी हार घातला. मग तो हसून लोकांले हात जोडू लागला.

सेक्टरमधल्या प्लांटच्या क्वार्टरसमोर सिंधुताई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं जीपमधल्या माणसाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ताट तसंच धरून म्हणाली, "पोरी, हा माणूस चांगला असन. पण माहा कुठं हाय?"

जीपमधल्या माणसाचं नाव सुखराम निघालं. खुर्सीपार वस्तीतला, ठेकेदाराकडं बावीस वर्षांपासून मजूर. त्याले वाटलं होतं, ठेकेदाराले अचानक सुबुद्धी सुचली. मी विचारलं, काका, सांगितलं कावून नाही?

"बाईस साल हो गे, कोनो माला नइ पहिराइस," तो छत्तीसगढीत म्हणाला. "मैं काबर मना करतेंव?" म्हणजे, बावीस वर्षांत कोणी हार नाही घातला, मग मी नाही कायले म्हणू.

सिंधुताई ताटासकट जीपमध्ये बसली अन् आम्ही परत गेटवर. धुमालवाले लाजेनं हळू वाजवत होते. गेटबाहेर चहाच्या टपरीवर फकिराकाका बसला होता. टक्कल, मिशी साफ, मांडीवर डब्याची पिशवी. सिंधुताईनं विचारलं, असा कायले बसला?

"मले वाटलं, मंदी हाय," तो म्हणाला, "जीप कॅन्सल झाली असन."

सुखराम हार काढून खाली उतरू लागला. फकिराकाकानं त्याचा दंड धरला. "बस ना भाऊ. जागा हाय."

मग दोघांची वरात निघाली. आधी सेक्टर, मग खुर्सीपार. तिथं सुखरामच्या बायकोनं हार पाहिला अन् रडायलेच लागली, तिले वाटलं ठेकेदारानं काढून टाकलं. तिले समजवेपर्यंत अख्खी गल्ली नाचून राहिली होती.

संध्याकाळी विजूभाऊले सगळं समजलं. एका ऑर्डरमध्ये दोन माणसं, दुप्पट डिझेल. त्यानं सांगितलं, लेटर विसर, उद्यापासून येऊ नको. मी सॅक खांद्यावर टाकली. मले सेमिस्टर रिपीटचा फॉर्म डोळ्यांसमोर दिसून राहिला होता.

दुकानाच्या पायरीवरच सुखरामच्या गल्लीतली बेबीताई भेटली. मागं अजून तिघी. बेबीताईचा नवराही ठेक्यावर, अठरा वर्षांपासून. तिनं मले ओळखलं अन् दंडाले धरून परत आत आणलं.

"आमच्या माणसाइले कोणी रिटायर नाही करत, भाऊ. एक दिवस गेटवरून परत पाठवतात, बस," ती विजूभाऊले म्हणाली. "तसं व्हायच्या आधी एक डाव जीपमध्ये बसवा. या पोरीले सांगा, तिले जमते."

विजूभाऊनं बोटावर चौघी मोजल्या. प्लांटचे पक्के कामगार दर साली कमी होऊन राहिले अन् ठेक्यावरचे वाढून राहिले, हा हिशोब त्याच्या डोळ्यांत मले साफ दिसला. मी हळूच म्हटलं, भाऊ, याले नवीन मार्केट म्हणतात.

"चूप बस," तो म्हणाला अन् ड्रॉवरमधून लेटरहेड काढलं. पद काय लिहू, म्हणे. मी इंग्रजीत सांगितलं. त्यानं स्पेलिंग विचारलं, मग कागद माझ्याकडंच सरकवला अन् खाली सही ठोकली. शिक्का उलटा पडला, म्हणून त्यानं बाजूले अजून एक सरळ मारला.

"सोमवारी किती वाजता येतेस?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, आधी कॉलेजात हे देऊन येते. पण बेबीताईनं तोवर माझ्यासाठी स्टूल ओढलं होतं, अन् बाकीच्या तिघी आपापल्या नवऱ्यांची नावं सांगायले लागल्या होत्या.