अंबलच असेल

अणिमानं मैद्याची लुची तेलात सोडली आणि झाऱ्यानं हलकेच दाबली. ती टम्म फुगते आहे तोच बाहेरून नवऱ्याची हाक आली.

"अगं, ओव्याचा अर्क कुठं ठेवलायस? छातीत जळतंय."

"सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. अंबल आहे, दुसरं काय."

अंबल, म्हणजे आंबट पित्त. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या त्या आळीत ते नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. परितोषबाबूंचं अंबल तर अणिमानं लग्न झाल्यापासून पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा तिनंच लावल्या, रात्रीचं जेवण लवकर आणलं, जेवल्याबरोबर आडवं व्हायची त्यांची खोड भांडून भांडून मोडली. शेजारणी उपाय विचारायला तिच्याकडेच यायच्या.

आज जमाईषष्ठी, जावयाला जेवू घालायचा सण. जावई अर्घ्य लग्नानंतर पहिल्यांदाच या दिवसाचं जेवायला आला होता. अणिमानं त्याच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, ताडाच्या पंख्यानं वारा घातला आणि त्याला पानावर बसवलं. हिल्सा मासा, मटण, आंबे, दही, सगळं मांडून झालं होतं. या दिवशी जावई अर्धपोटी उठला तर सासूला वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

तिनं अर्क आणून दिला. परितोषबाबूंनी तोंड वाकडं करून तो गिळला, पण हात छातीवरून काढला नाही.

"घशाशी आंबट येतंय का?"

"नाही. इथंच बसलंय. दगड ठेवल्यासारखं."

पानं वाढणारी झुमुर, त्यांची मुलगी, हसली. "बाबांचं अंबल बरोबर आजच उठणार. जावयाला मिळतं आणि आपल्याला नाही, म्हणून."

अर्घ्यही हसला. अणिमा हसली खरी, पण हसता हसता तिनं वळून पाहिलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता. ज्येष्ठाच्या उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

मग तिनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. कढईतली गरम लुची ताटलीत घेऊन त्यांच्यापुढं धरली.

"घ्या. आज मी काही बोलत नाही."

छातीत आग पेटलेली असतानाही हा माणूस सदऱ्याच्या खिशात लुच्या लपवून गंगेच्या घाटावर जाऊन खाणारा. त्यांनी ताटलीकडे पाहिलं आणि ती हातानं बाजूला सारली.

"नको गं."

अणिमानं आत जाऊन गॅस बंद केला. लाटलेल्या लुच्या पोळपाटाशेजारी तशाच राहिल्या.

"अर्घ्य, ऊठ बाबा. गाडी काढ. यांना हॉस्पिटलात न्यायचंय."

अर्घ्य हातातला घास तसाच धरून बघत राहिला.

"मा, पानावरून उठवतेस त्याला? आजच्या दिवशी?" झुमुर म्हणाली. "अंबल तर आहे."

"असू दे. देवा, अंबलच असू दे. मग अख्खी आळी मला हसली तरी चालेल."

गाडीत ती मागं त्यांच्या शेजारी बसली. आता हे वाद घालतील, सणाचा विचका केलास म्हणतील, म्हणून तिनं उत्तरं जुळवून ठेवली होती. पण पूल ओलांडल्यावर परितोषबाबूंनी तिचा हात शोधून घट्ट धरला.

"पहाटेपासून दुखतंय," ते हळूच म्हणाले. "तू एवढ्या हौसेनं रांधत होतीस. म्हणून अंबल म्हणालो."