एका नंबरावर चौघं

संगणकाच्या पडद्यावरचं वय दिसलं आणि बेबीनंदा खुर्चीतून उठलीच. वय सव्वीस. आताच दाढ काढून गेलेली झुंबरबाई तर साठीची!

मस्तगडच्या त्या दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी बेबीनंदाच ठेवायची. आधी कागदी कार्डं होती. झुंबरबाईच्या कार्डावर तिनंच लाल शाईनं लिहिलं होतं, की हिला दुखण्यावरची नेहमीची गोळी चालत नाही. मागं ती घेतल्यावर बाईचा गळा सुजून श्वास कोंडला होता. महिन्यापूर्वी सगळी कार्डं संगणकात गेली. मोबाईल नंबर टाकला की पेशंट उघडतो. पण झुंबरबाईच्या घरी फोन एक, माणसं चार. सकाळच्या गर्दीत बेबीनंदाचं बोट चार नावांतल्या वरच्याच नावावर पडलं. सुरेखा, झुंबरबाईची सून. तिला सगळं चालायचं. डॉक्टर भावना मॅडमनी तेच वाचून नेहमीची गोळी दिली.

"मॅडम, झुंबरमावशीला तीच गोळी गेली!"

मॅडम हातमोजे ओढत उठल्या. "फोन लाव जल्दी!"

फोन उचलला मुलानं, वसंतानं. "आई? आई तर तुमच्याकडंच आल्ती की. फोन माझ्याजवळ हाय, मी शेतात हाय."

मॅडमनी दुसऱ्या गोळ्या बेबीनंदाच्या हातात कोंबल्या. "पळ! अंबडची गाडी सुटायच्या आत गाठ तिला!"

रिक्षात बसली, पण जीव रिक्षाच्या पुढं धावत होता. ऊन तेच, रस्ता तोच, चहाच्या गाड्यावरचं हसणं तेच. आणि एका बाईचा श्वास आपल्या बोटाखाली अडकलेला. घेतली असंल का? मावशी तशी ऐकणारी. सांगितलं ते बराबर करणारी. त्याचंच भ्या वाटत होतं.

बसस्टँडवर अंबडची गाडी लागलेली. "मावशी! झुंबरमावशी!" ओ नाही. खिडक्यांमागून खिडक्या धुंडल्या. गाडीत नव्हती. मागं वळली, तर बाकावर झुंबरबाई. डोळे मिटलेले, तोंड घट्ट, गाल फुगलेला.

"मावशी!" बेबीनंदानं तिला गदागदा हलवलं.

झुंबरबाईनं डोळे उघडले. मिटल्या तोंडानंच स्टँडवरच्या घड्याळाकडं बोट केलं, मग पाच बोटं दाखवली. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

बेबीनंदानं ते पाकीट ओढून मुठीत धरलं. पाच मिनिटं झाली. मग झुंबरबाईनं तोंडातला कापूस काढला.

"मॅडम म्हनल्या, अर्धा तास कापूस दाबून धर, मंग गोळी घे. आन तू काऊन बोंबलत आलीस गं?"

"मावशी, माझं चुकलं. मी तुमच्या जागी सुरेखाचं नाव उघडलं."

झुंबरबाई बघतच राहिली. मग सुजल्या गालानं म्हणाली, "म्हंजे त्या काम्पुटरच्या डब्यात मी सव्वीस वर्साची व्हते?"

बेबीनंदाला हसू आलं नाही. नव्या गोळ्या तिनं मावशीच्या हातावर ठेवल्या. जुनं पाकीट मात्र मुठीतून सुटेना. त्याची कड तळव्यात रुतली होती.