वीरबापुढचं जावळ

संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते, आणि ठकुबाई दरवर्षी सोमवारीच यायची. हा रिवाज तिच्या पुतणीने, इथल्या शिवलीलानेच पाडलेला. मागच्या दाराने काकूला आत घ्यायचं, वीरबापुढे नारळ फोडू द्यायचा, दगडावर तेल-हळद घालू द्यायची आणि ती गेली की स्वतः कापूस घेऊन ते तेल टिपत बसायचं. वरच्यांनी कानाडोळा केला होता. एरवी तरी या संग्रहालयात कोण फिरकत होतं!

वीरबा म्हणजे हिरेमाळ गावचा वीरगळ. गावची गुरं वाचवताना मेलेल्या कुणा शूराचा तो दगड, माणसाएवढा उंच. गावातल्या प्रत्येक मुलाचं जावळ त्याच्यापुढे निघायचं. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा शिवलीलाने, हिरेमाळचीच लेक आणि इथली अधिकारी म्हणून, खटपट करून तो बेंगळूरला आणवला. क्रेन लागली, ट्रक लागला, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. सगळ्यांनी पाठ थोपटली.

मग गाव पाण्याखाली गेलं. ती काठावर उभी होती. शेजारी ठकुकाकू धाय मोकलून रडत होती आणि शिवलीलाच्या मनात एवढंच आलं की परतीची बस चुकायला नको. तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बधिर पडलं ते पडलंच. दुखत नव्हतं, म्हणून तिने त्याची फिकीरही केली नाही. जे. पी. नगरातलं घर, नवरा, ऑफिस, सगळं बिनबोभाट चाललं होतं.

इकडे संग्रहालयाची अवस्था मात्र कठीण होती. शहरात कॉम्प्युटरवाल्यांची रीघ लागली होती. नवी दुकानं, घरोघरी केबल, आणि रविवारी संग्रहालयात शाळेच्या सक्तीने आलेली चार मुलं. शेवटी समितीने पुण्याहून मल्हार नावाचा एक तरुण सजावटकार बोलावला. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. अस्सल वस्तू काचेत, गार हवेत, नेमक्या उजेडात ठेवायच्या, आणि लोकांना हात लावायला फायबरच्या नकला करायच्या, असं त्याचं म्हणणं. तेलाने वीरबाच्या पायाशी दगडाचे पापुद्रे सुटू लागले होते, तेही त्याने शिवलीलाला बोट ठेवून दाखवलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिने मंजुरीची सही केली. काकूला कळवायचं ती उद्यावर टाकत राहिली.

आणि काकू आली. नूतनीकरण संपून संग्रहालय येत्या रविवारी उघडायचं होतं, त्याच्या आधीचा सोमवार. बरोबर मुलगा परसू आणि परसूच्या कडेवर त्याचा हणमंत. रात्रभर बसमध्ये बसून तिघं थेट स्टँडवरून रिक्षाने आली होती. पोराचे केस खांद्याखाली गेले होते आणि प्रवासात त्यांचा पार गुंता झाला होता. हिरेमाळ बुडाल्यानंतर घरात जन्मलेलं हे पहिलंच मूल. त्याचं जावळ वीरबापुढेच काढायचं म्हणून त्यांनी केसांना कात्री लावू दिली नव्हती. पुनर्वसनाच्या वस्तीतले लोक हसायचे, मुलगी म्हणून चिडवायचे, असं परसू सांगत होता.

शिवलीला त्यांना आत घेऊन निघाली. दोन रस्ते होते. डावीकडच्या दालनात काचेतला वीरबा, उजवीकडे स्पर्शदालनातला फायबरचा. खऱ्या दगडावरूनच साचा काढलेला, रंगही हुबेहूब. ती उजवीकडे वळली. आत गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. पण काकूने नकलेपुढे पदर पसरून डोकं टेकलं, थकलेला चेहरा एकदम उजळला, आणि शिवलीलाची जीभ उचलली नाही. आपण या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकतो आहोत हे तिला नीट कळत होतं. तरी मनाला काही लागत नव्हतं.

काकूने लगबगीने हळदीची पुडी सोडली. पोराच्या मामाला रजा मिळाली नव्हती, म्हणून परसूनेच त्याला मांडीवर घेतलं. पोर रडायला लागलं तसं परसूने त्याच्या हातात गुळाचा खडा दिला. कात्री हातात घेऊन काकूने शिवलीलाकडे पाहिलं.

"शिवे, पदर धर. आत्या हाईस तू त्याची."

जावळ आत्याने पदरात झेलायचं आणि देवापुढे ठेवायचं, हे शिवलीला विसरली नव्हती. तिने इतक्या पुढचा विचारच केला नव्हता. तिने साडीचा पदर पसरला. एकेक बट पडत गेली. मऊ, प्रवासाच्या धुळीने भरलेले, मुळाशी अजून उबदार केस. आता उठून ते फायबरच्या पायाशी ठेवायचे एवढंच उरलं होतं. ती उठली, पण पाऊल पुढे पडेना.

तेवढ्यात पोराने परसूची मांडी सोडली आणि धावत जाऊन वीरबाला मिठी मारली. वीरबा हलला. नुसता हलला नाही, चांगला वीतभर मागे सरकला आणि पोकळ आवाज करून भिंतीला टेकला. क्रेनने उचललेला देव अडीच वर्षांच्या पोराने ढकलला होता.

परसू अवघडून शिवलीलाकडे बघत राहिला. काकूने पुढे होऊन बोटाने दोनदा टकटक केलं. मग तिने सावकाश विचारलं, "खरा कुठं हाय?"

शिवलीलाने त्यांना डावीकडच्या दालनात नेलं. पदर तिने दोन्ही हातांनी तसाच धरला होता. चालता चालता तिने सगळं सांगितलं. सुटलेले पापुद्रे, समिती, आपली सही. काहीच दडवलं नाही. सांगताना आवाज अगदी स्थिर होता, पाहुण्यांना माहिती देतो तसा, आणि त्याची तिची तिलाच किळस आली.

काचेआड वीरबा खरंच देखणा दिसत होता. इतक्या वर्षांत कुणाला न दिसलेली त्याच्या हातातली तलवार उजेडात स्पष्ट उठली होती. काकू बराच वेळ बघत राहिली. मग तिने तळवा काचेवर टेकवला, आणि धोक्याची घंटा कर्कश वाजू लागली. पोर भोकाड पसरून रडू लागलं. पहारेकरी नागराज धावत आला. शिवलीलाने काही झालं नसल्याचं सांगून त्याला घंटा बंद करायला पाठवलं.

घंटा थांबली. काकूने हात कधीच मागे घेतला होता. ती रागावली नव्हती. रागावली असती तर शिवलीलाला उत्तर देता आलं असतं.

"गाव बुडालं तवा पाण्याला तरी हात लावता येत हुता," ती म्हणाली.

मग काकू जवळ आली आणि शिवलीलाच्या पदरातलं जावळ उचलून आपल्या पदरात घेऊ लागली. धरणाच्या पाण्यात सोडीन, नावाडी ओळखीचा आहे, तो गावाच्या बरोब्बर वर नेईल, असं ती परसूला सांगत होती. शिवलीलाला नाही. मोठ्या बटा निघाल्या. बारीक केस सुती पदराच्या विणीत अडकले होते. काकूने म्हातारी नजर बारीक करून तेही एकेक चिमटीत धरून ओढायला सुरुवात केली.

एखादा केस तरी राहू दे, असं शिवलीलाला वाटलं. इतक्या वर्षांत तिला काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. मागावा म्हणून तिने तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने मागणार? काकूने पदर उजेडाकडे धरून पुन्हा एकदा नीट पाहिला, राहिलेला एक केस काढून घेतला आणि पदर तिच्या खांद्यावर परत टाकला.