पिचरशी बोलायचं नाही

त्या सकाळीही व्हर्लिन स्ट्राउडने मैदान स्वतःच सारखं केलं. जुन्या पिकअपमागे जाळीचा तुकडा बांधून माती ओढायची, हे काम एकतीस वर्षांत त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. दुपारी याच मैदानाला त्याचं नाव देणार होते. पश्चिम कॅन्ससमधलं हे दोन वर्षांचं कॉलेज. पोरं येतात आणि जरा तयार झाली की मोठ्या विद्यापीठात निघून जातात. तरी व्हर्लिनच्या बेसबॉल संघाने नऊशेवर सामने जिंकले होते. गावात त्याला मान होता. मुलगा मात्र त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा.

"ट्रॅव्हिस येतो म्हणालाय," बायको नोरीन म्हणाली. "आज तरी तोंड उघड. नाहीतर बसाल दोघं, ओठ शिवल्यासारखे."

एकोणीस वर्षांपूर्वी ट्रॅव्हिस बापाच्याच संघात पिचर होता. फलंदाजाकडे चेंडू फेकणं हे त्याचं काम, आणि हात असा की मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला यायची. मैदानावर 'बाबा' नाही, 'कोच' म्हणायचं, हा व्हर्लिनचा नियम. घरच्याचे लाड करतो, असं कुणी म्हणायला नको.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात नऊपैकी सहा डाव झाले, तरी ट्रॅव्हिसच्या चेंडूवर एकालाही धड फटका मारता आला नव्हता. अशा वेळची एक रीत आहे, आणि बेसबॉलवाल्यांत ती चर्चमधल्या रितीहून कडक: पिचरशी कुणी बोलायचं नाही, आणि त्यानेही कुणाशी नाही. बोललं की नजर लागते. सगळे बाकाच्या एका टोकाला सरकले, ट्रॅव्हिस दुसऱ्या टोकाला एकटा. सातव्या डावानंतर त्याने उजवं कोपर मांडीवर धरलं आणि बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोच, त्याचा हात बघा," मदतनीस हॉइट कुजबुजला.

"गप्प बस! नजर लावतोस का?" असं म्हणून व्हर्लिनने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली आणि मान वळवली.

ट्रॅव्हिसने एकशे सत्तेचाळीस चेंडू फेकले. संघ जिंकला. जल्लोषाच्या फोटोत त्याचा डावा हात वर आहे. उजवा तेव्हाच उचलला जात नव्हता. दोन शस्त्रक्रिया झाल्या, क्लबवाल्यांनी फोन उचलणं सोडलं, आणि घरीसुद्धा तो बापाला 'कोच' म्हणू लागला. त्या चषकानंतर व्हर्लिनची मात्र भरभराट झाली. पुढे तो नव्वद चेंडूंनंतर कुठल्याही पिचरला बाहेर काढायचा. पोरांचे हात कसे जपावेत यावर तो इतर प्रशिक्षकांना व्याख्यानं देई, आणि लोक ती लिहून घेत. शहाणपण आलं, पण ते लोकांच्या पोरांच्या कामी आलं. स्वतःच्या पोराच्या हाताचा बळी देऊन मिळवलेलं हे नाव त्याला आताशा ऐकवत नसे.

दुपारी ट्रॅव्हिस आला. बाकाच्या त्याच टोकाला बसला. व्हर्लिन त्याच्याजवळ जाऊन बसला.

"त्या दिवशी... हात दुखत होता का रे?"

"सहाव्या डावापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पिचर बोलत नाही. तुम्हीच शिकवलंत." ट्रॅव्हिस मैदानाकडे बघत होता. "तुम्ही विचाराल असं वाटलं होतं."

एकोणीस वर्षं व्हर्लिन सांगत आला होता, आपल्या लक्षातच आलं नाही. नोरीनलाही त्याने तेच सांगितलं होतं.

"मला दिसलं होतं, ट्रॅव्हिस. मी बघितलं होतं."

"माहितीये."

समोर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. भोंग्यावर नाव घुमलं. व्हर्लिनला उठवेना. तो मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला, अजून एका शब्दासाठी.

"जा, कोच," ट्रॅव्हिस म्हणाला. "तुमचं नाव पुकारतायत."