फोन करू नका, ताई

नखं सजवायच्या माझ्या दुकानातून गिऱ्हाईक सहसा सुटत नाही. खुर्च्या दोनच, एक माझी, एक नणंदेची. समोरच्या चकाचक दुकानात सात आहेत, तरी तिथल्या पोरी माशा मारत बसतात. सगळी करामत माझ्या कार्डांची. प्रत्येक बाईचं एक कार्ड. नखांचा आकार, कुठलं बोट हुळहुळतं, गप्पा हव्यात की गप्प बसायचंय, कुठलं नख कधी आणि कशानं तुटलं. शिवाय आदल्या दिवशी आठवणीचा फोन. तो मी स्वतः करते. नणंद म्हणायची, "वहिनी, तुला त्या फोनचा माज आहे." होताच.

बदामी चार वर्षं येत होती. नखं बदामी आकाराची हवी असायची, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. दर तिसऱ्या गुरुवारी, अकराला. तिची नखं इतकी तुटायची की कार्डाला दोन पुरवण्या जोडाव्या लागल्या. उजवी अनामिका, मुळापासून, म्हणे दारात सापडलं. डावा अंगठा, म्हणे पडले. मी लिहून घ्यायचे, जेलचं नवं नख बसवायचे आणि तोंड मिटून राहायचे. तिच्या कार्डावर 'गप्प बसायचंय' असंच लिहिलं होतं ना.

मागच्या खेपेला मात्र तीच बोलली. "ताई, पुढच्या वेळी सगळं जेल काढून टाका. नखं अगदी आखूड. दुसऱ्या गावात काम मिळालंय, खोकी भरायचं. इथूनच परस्पर बस पकडणार. नवऱ्याला पत्ता नाही." मग हात मागे घेत म्हणाली, "फोन करू नका, ताई. मी येईन."

मी ते कार्डावर लिहिलं, खाली रेघही मारली. आणि बुधवारी यादी घेऊन एकेक फोन लावत सुटले, त्यात तिलाही लावला. सवय म्हणाल, तर तसं नाही. घमेंड. माझ्या फोनशिवाय कुणी येऊ शकतं, हेच मला पचत नव्हतं. पलीकडे कोण आहे ते न ऐकताच मी पोपटासारखी बोलले, "उद्या अकरा हं. सगळी नखं काढायची म्हणून अर्धा तास जास्तीचा ठेवलाय."

"सांगतो हं, मॅडम," एक पुरुष म्हणाला.

गुरुवारी ती आली, हातात छोटी बॅग. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, आणि काही होणार नाही अशी मी माझीच समजूत घातली. डावा हात पुरा झाला. उजव्या हाताच्या दोन बोटांना जेल विरघळवायला ॲसिटोनचा कापूस लावून वर फॉइल गुंडाळली, तेवढ्यात दार उघडलं.

त्यानं आत येऊन कडी लावली. "आठवण करून दिलीत ते बरं झालं, मॅडम."

बदामीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढं सगळं झपाट्यानं झालं. त्यानं तिच्या खुर्चीला लाथ घातली, केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिचा दात तुटून माझ्या कानशींमध्ये पडला. मी त्याची कॉलर धरली, तर त्यानं माझा उजवा हात उघड्या ड्रॉवरमध्ये कोंबला आणि गुडघ्यानं ड्रॉवर बंद केला. मग पुन्हा केला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, दुखलं नंतर.

नणंदेनं ॲसिटोनची बाटली त्याच्या डोळ्यांत रिकामी केली. तो गुरासारखा ओरडला, पण केस सोडेना. मग मी डाव्या हातानं नखं घासायचं ड्रिल उचललं, सगळ्यात वरच्या वेगावर टाकलं आणि त्या मुठीवर दाबलं. कातडी गेली, मांस गेलं, टोक हाडाला लागून थरथरलं. त्यानं मूठ सोडली. मी नाही थांबले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. तो जमिनीवर पडला तरी मी त्याच्या छातीवर बसून मनगटात ड्रिल घालतच होते. शेवटी नणंदेनं वायर उपटली.

"जा," मी बदामीला म्हणाले. तिनं तोंडावर टॉवेल दाबला, बॅग उचलली आणि कडी काढून गेली.

पोलीस आले. माझ्या दोन बोटांना प्लास्टर लागलं. तिचं कार्ड पुरवण्यांसकट त्यांनी नेलं. चार वर्षांच्या तारखा होत्या त्यात, एकेका तुटलेल्या नखाच्या. तो अजून कोठडीत आहे.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी अकराला, मी खुर्ची रिकामी ठेवून बसले होते. दुकानातला फोन वाजला.

"ताई, मी. उजव्या हाताची अजून तशीच आहेत. दुसऱ्या कुणाकडे जावंसं वाटलं नाही."

मी म्हणाले, "त्याला माझ्यामुळे कळलं गं. तू नको म्हणाली होतीस, तरी मी फोन केला."

"माहीत आहे," ती म्हणाली. दातांच्या फटीतून शब्द फुसफुसत होते. "आता ही घरी कशी काढू, ते सांगा."

बारा वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं ते सगळं मी सांगितलं. वरचा थर कानशीनं घास, कापूस भिजव, फॉइल घट्ट गुंडाळ, पंधरा मिनिटं थांब, खरवडू नकोस. तिनं फोन चालूच ठेवला. पंधरा मिनिटं मी घड्याळ बघत फोन कानाला धरून होते. मग फॉइलची चुरचुर ऐकू आली, एकेक करून पाच वेळा.

"निघाली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नणंदेनं नवं कोरं कार्ड पुढं केलं. "वहिनी, आलेला नंबर यावर लिहू?"

"नको," मी म्हणाले. "फोनमधूनही पुसून टाक."