मिनिटाला वीस टिक

मी एक जुना गायगर काउंटर आहे. वसईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी राहतो. डोळ्यांना न दिसणारं प्रारण माझ्या नळीत शिरलं, की मी ‘टिक’ करतो. एवढंच माझं काम.

मित्रांनो, पंधरा वर्षांपूर्वी मी आलो, तेव्हा शिशाच्या डबीत किरणोत्सारी कोबाल्टचा छोटा नमुना माझ्यासोबत होता. त्याच्यासमोर मी मिनिटाला सोळाशे टिक करत असे. अल्फा कण कागदालाच अडतात, बीटा कण पातळ पत्र्याला. कोबाल्टचे गॅमा किरण मात्र दोन्हींतून आरपार येत आणि मुलं थक्क होत. पुढे माझे टिक कमी होत गेले. कुणीतरी माझ्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी डकवली आणि कपाट बंद केलं. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले.

यंदा किरणोत्साराचा धडा आला आणि बारावीतली ऋतिका धास्तावली. तिचे वडील प्रल्हाद आचोळ्यात ‘रेडियम’चं दुकान चालवतात. गाड्यांवर, बोटींवर चमकणाऱ्या पट्ट्या कापून लावतात. धड्यात होतं, रेडियम हाडांत साठतं.

“म्हणजे तुझे पप्पा अंधारात चमकतात काय गं?” जेन्सनने विचारलं. वर्ग हसला.

“वीस वर्षं हातांनी कापतायत ते,” ऋतिका म्हणाली. “मी काल बोलली, दुकान बंद करा. ते बोलले, मग खायचं काय?”

भौतिकशास्त्राच्या रोझी टीचरनी मला कपाटातून बाहेर काढलं. ऋतिकाने आणलेल्या पट्टीजवळ मी मिनिटाला वीस टिक केले. पट्टी दूर नेली, तरी वीसच.

“पण हा बिघडलाय ना टीचर? लिहिलंय की. याच्या भरवशावर मी पप्पांना काय सांगू?”

प्रश्न रास्त होता. टीचरनी माझी जुनी नोंदवही तिच्यापुढे ठेवली. सुरुवातीला सोळाशे, पाच वर्षांनी आठशेच्या आसपास, दहा वर्षांनी चारशेच्या.

“टीचर, कोबाल्टचा अर्धायुकाल किती?”

“सव्वापाच वर्षं.”

ऋतिकाने वहीच्या कोपऱ्यात गणित केलं. “मग आज दोनशेच्या थोडं वर यायला हवेत.”

टीचरनी चिमट्याने नमुना माझ्यासमोर ठेवला. मी मोजलं. दोनशे छत्तीस.

मी बिघडलो नव्हतो. कोबाल्टचे अणू विघटन होऊन कमी झाले होते, आणि मी खरं तेच सांगत होतो.

“मग ते वीस कुठले?” जेन्सनने विचारलं.

“मातीतले, आकाशातले. आपल्या वटार गावच्या केळ्यांतसुद्धा थोडं प्रारण असतंच,” टीचर म्हणाल्या. “ही पट्टी नुसता उजेड परत फेकते. नाव रेडियमचं, काम आरशाचं.”

“ऐकलंस?” ऋतिका जेन्सनला म्हणाली. “आता तूच चमक.”

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद यांनी तसल्याच पट्टीतून स्वतः कापलेली पाटी पाठवली. ‘चालू आहे’. ती जुन्या चिठ्ठीवर चिकटवली गेली.

मित्रांनो, भीती वाटली तर मोजून पाहा, पण मोजणाऱ्याला आधी तपासा. कुणी पूर्वीपेक्षा कमी बोलतो, म्हणून त्याला कपाटात ढकलू नका. मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. माझ्या पाटीवर टॉर्च मारली, की ती झगझगते. मी मात्र तिच्याजवळही वीसच मोजतो.