मेन स्विचवरचा टॅग

"अवो, वास येऊन राहिला काय?" माझी बायको हिरा हिने बसबाहेर, खाली उभ्यानेच विचारले.

गॅसच्या सांध्यावर साबणाचा फेस लावून मी निश्चल बसलो होतो. एकही बुडबुडा उमटला नाही. तांब्याची नळी, रेग्युलेटर, शेगडी, सर्व निर्दोष होते. तरीही मी म्हणालो, "थांब जरा. अजून एकदा पायतो."

"चार वर्सं झाले, पाहूनच राहिले तुमी. लेकरू असतं त शाळेत गेलं असतं."

हथखोज या गावी माझा मित्र देवीदास याच्या बंद वर्कशॉपच्या आवारात ही जुनी शाळेची बस उभी आहे. निवृत्तीनंतर मी तिच्यात घर उभारले. एक पलंग, ओटा, दोन बॅटऱ्या, चार दिवे, एक पंखा. मनोदय इतकाच की हिराला तिच्यातून अमरकंटकला न्यावे. कारखान्यातील सदतीस वर्षांच्या इलेक्ट्रिशियनच्या नोकरीत मी रात्रपाळी करून दिवसा झोपत असे, आणि ती क्वार्टरमध्ये भांड्याचाही आवाज होऊ देत नसे. नर्मदेचा उगम पाहावा, एवढी एकच इच्छा तिने मला बोलून दाखवली होती.

परंतु कारखान्याचा एक नियम माझ्या हाडांत भिनलेला आहे. दुरुस्तीपूर्वी प्रत्येक कामगाराने मेन स्विच बंद करून त्याला काम संपेपर्यंत स्वतःचे कुलूप व नावाचा टॅग लावायचा. ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा; साहेबांनीही त्यास हात लावायचा नाही. बसच्या स्विचवर माझा टॅग चार वर्षे होता. तपासणीपुरता मी तो काढी. दिवे लागत, आणि मला वायर तापल्याचा संशय येई. वायर बदलली की नळीचा संशय येई. टॅग पुन्हा लागे.

त्या दुपारी मात्र संशयास जागाच उरली नाही. शेगडीची ज्योत निळी होती, चारही दिवे लागले होते, पंखा फिरत होता. मी टॅग खिशात टाकला आणि चहा ठेवला.

"वर ये, हिरा. उद्याच निघू."

तिने दांडा धरून पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले. दुसरी पायरी तिला चढवेना. पहिल्या वर्षी पडद्यांचे माप घ्यायला ती याच पायऱ्या धावत चढली होती.

"नाई जमत. कप खालीच द्या."

"मी हात देतो नं."

"हात देऊन किती दिवस चढवान मले?" ती हसली. मग तिने पिशवीतून ट्रंकेचे जुने पितळी कुलूप काढून माझ्यापुढे धरले. घरूनच आणले होते.

"हे लावा त्या स्विचले. ज्याचं काम बाकी, त्याचं कुलूप, असंच हाय नं तुमचं? माह्ये गुडघे बाकी हायेत."

"हिरा, तसं नको बोलू."

"चार वर्सं मी थांबली. आता तुमी थांबा."

मी गॅस बंद केला. स्विच खाली ओढला. दिवे विझले, पंखा काही वेळ फिरत राहून थांबला. मी कुलूप लावून किल्ली तिला दिली. ती तिने कमरेला खोचली.

नियमाप्रमाणे मी कोरा टॅग आणि पेन खाली दिले, चहाचा कपही दिला. पायरीवर टेकवून तिने सावकाश स्वतःचे नाव लिहिले, कामाच्या रकान्यात 'गुडघे' लिहिले. काम पूर्ण होण्याच्या तारखेचा रकाना रिकामा सोडून तिने टॅग परत केला, आणि उभ्यानेच चहा पिऊ लागली.